न झालेली लढत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखत असाल? असू दे.

कॅम्पातल्या आमच्या बॉक्सिंग क्लबात हेवीवेट गटात दोघंच होतो. मी सदाशिव पेठेतला, बँकेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा. बबन हडपसरचा, शेतकऱ्याघरचा. माझे पाय हलके. लांबून मारायचं, निसटायचं, गुण मिळवायचे. बबनला निसटणं ठाऊकच नव्हतं. त्याच्याकडे एक ठोसा होता. आमची दोघांची लढत झाली तर कोण जिंकेल, यावर क्लबाबाहेरच्या अमृततुल्यात रोज वाद व्हायचा. बहुतेकांचं मत माझ्या बाजूनं. मी नुसता हसून चहा प्यायचो.

सरावात बबन हात राखून मारायचा. आपल्या क्लबातल्याला पूर्ण ताकदीनं मारायचं नाही, अशी पद्धतच होती. जिल्ह्याच्या फायनलला आम्हीच दोघं समोरासमोर येणार हे ठरलं, त्या आठवड्यात एकदा तो विसरला. माझ्या उजव्या बरगडीखाली ठोसा बसला. मी खाली बसलो — आणि बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. हातात ग्लोव्ह्ज असताना नाडी बांधता येते का? कुणाच्या लक्षातच आलं नाही. कोच एवढंच म्हणाले, "नाड्या घरून बांधून येत जा, साहेब."

मला मात्र कळलं होतं. लढत झाली असती तर पहिल्याच राउंडमध्ये बबन जिंकला असता. हे फक्त मला ठाऊक होतं. आणि मी — घाबरलो. दुसरा शब्द नाही.

लढतीआधी वजन करतात, त्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून गेलो. मुरगळलंय म्हणालो. कोचनी पट्टी सोडली, मनगट दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. मी कण्हायलाही विसरलो. वाटलं, संपलं सगळं.

पण आमच्या क्लबात एक रिवाज होता, कुणी उघड न बोलायचा. आपलेच दोघं समोरासमोर आले आणि त्यातल्या एकाला सुवर्णपदकावर नोकरी लागणार असली, की दुसरा काहीतरी दुखण्याचं निमित्त काढायचा. बबनचं तेव्हा पोलिसात खेळाडू म्हणून लागायचं चाललं होतं.

"कळलं मला," कोच हळूच म्हणाले. "मोठं मन लागतं याला."

मी मान खाली घातली. भित्र्याची मान आणि मोठ्या मनाच्या माणसाची मान — खाली गेल्यावर सारखीच दिसते, नाही?

बबनला पुढे चाल मिळाली. सुवर्णपदक मिळालं, नोकरीही लागली. एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो. पण राज्य स्पर्धेला जायला बबननं नकार दिला. कोचनी खूप समजावलं. शेवटी तो माझ्याकडे आला. "पदक तुझं हाय. त्याच्या जीवावर मी पुढं कसा जाऊ? न्हाई पटत."

मला एक वाक्य बोलायचं होतं — मी घाबरलो होतो. तेवढंच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याची समजूत काढल्यासारखा. त्यानं पुन्हा कधी ग्लोव्ह्ज घातले नाहीत.

दर हिवाळ्यात तो शेतातला मटार घेऊन माझ्या घरी यायचा. शेत विकलं, तिथे इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा मंडईतून आणायला लागला. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं बायको म्हणते. मी मटार सोलत बसतो.

गेल्या महिन्यात बबन निवृत्त झाला. समारंभात त्यानं मला स्टेजवर बोलावलं, स्वतःला मिळालेली शाल माझ्या खांद्यावर घातली. मी घेतली. मग जेवताना शेजारी बसून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "खरं सांग. झालीच असती फाईट, तर कितीसा टिकलो असतो मी तुझ्यापुढं?"

मी घास गिळला.

"तीन राउंड नक्की टिकला असतास," मी म्हणालो. "गुणांवर हरला असतास, इतकंच."

त्याचा चेहरा असा उजळला — समोर बसलेल्या मेव्हण्याला त्यानं मुद्दाम हाक मारली. "ऐकलं का दाजी? तीन राउंड म्हणतोय ह्यो."

या वेळी मला रिंगमध्ये उतरायचं नव्हतं. कुणी मारणारही नव्हतं. तरी मी पुन्हा खोटंच बोललो.