बटणाची गाडी, अंगठ्याची गाडी

मी दिवसभर गाड्या चालवायचे आणि त्या कशा वळतात ते लिहून कळवायचे. तेच माझं काम होतं. गाड्या खेळातल्या होत्या. पुण्यातली एक छोटी कंपनी शर्यतीचा खेळ बनवत होती. तो बाजारात येण्याआधी खेळून बघायचा आणि चुका शोधायच्या, म्हणून त्यांनी मला घेतलं होतं. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातूनच मी ते करत होते. आईला हे कुणाला नीट सांगता यायचं नाही. पोरगी कॉम्प्युटरवर काम करते, एवढंच ती शेजारणींना सांगायची.

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, गाडी चालवता ना? माझ्याकडे कॉलेजपासून स्कूटर होती. मी हो म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मीही पुढे काही सांगितलं नाही.

खेळ दोन ठिकाणी चालणार होता. एक कॉम्प्युटरवर, कीबोर्डच्या बाणांच्या बटणांनी. दुसरा कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या डब्यावर, हातात कंट्रोलर धरून. गाडी तीच, रस्ता तोच, वळणंही तीच. तरी गाडी दोन्हीकडे सारखी वळायची नाही. ती कशी आणि का वेगळी वळते, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं.

कीबोर्डवर बटण एक तर दाबलेलं असतं नाही तर सुटलेलं. अर्धं दाबता येत नाही. त्यामुळे वळणावर बोट टकटक टकटक मारत राहावं लागायचं, आणि जरा जास्त वेळ दाबलं गेलं की मागची चाकं निसटून गाडी गर्रकन फिरायची. कंट्रोलरवर अंगठ्याखाली एक छोटी काडी असते. ती थोडी कलवली की गाडी थोडी वळते, जास्त कलवली की जास्त. तिथे गाडी निसटायची नाही. पण ती जड वाटायची, ओलं पोतं ओढल्यासारखी. रोज त्याच त्या सात वळणांच्या रस्त्यावर मी दोन्हीकडे फेऱ्या मारायचे आणि लिहायचे : कॉम्प्युटरवर फार हलकी, कन्सोलवर जड पण भरवशाची.

एका मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या मॅडमनी विचारलं, यातली खऱ्या गाडीच्या जवळची कुठली? पडद्यावर सहा चेहरे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, कन्सोलची. खरी गाडी जड असते. बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. खेळातल्या गाडीचं वागणं ठरवणाऱ्या मुलाने मान डोलावली आणि तो म्हणाला, मग कॉम्प्युटरवरची गाडीही तशीच करून टाकतो.

मी लॅपटॉप मिटला. मी आयुष्यात कधी चारचाकीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आमच्या घरात गाडी कधी नव्हतीच. पप्पा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, आणि आमचं गावाला जाणं, लग्नकार्यं सगळं रेल्वेने झालं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही सोलापुरात आलो, तर इथे रिक्षा आणि माझी स्कूटर. खरी गाडी जड असते, हे मी कुठून आणलं होतं? मामाच्या मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून?

पुढचे दोन-तीन दिवस मला एका जागी बसवेना. फेरी सुरू करायची, अर्ध्यात थांबवायची, उठून पाणी प्यायचं, गच्चीवर जायचं, परत यायचं. जेवताना माझा अंगठा ताटाच्या कडेवर डावी-उजवीकडे हलत असायचा. आई म्हणाली, हात गप ठेव की जरा. मॅडमना फोन करून सांगावं असं रोज सकाळी ठरवायचे आणि दुपारपर्यंत ते मागे पडायचं. मग मी दुसरी वाट काढली. आधी गाडी शिकायची, म्हणजे बोललेलं खरं तरी होईल.

पेठेजवळच एक ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथे शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांचं घर विणकरांचं. फोनवर घरच्यांशी तेलुगूत बोलायच्या, आमच्याशी मराठीत. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांची गाडी जुनी होती, आणि त्यांच्या पायाशी ब्रेक आणि क्लचची वेगळी जोडी बसवलेली होती. सकाळी साडेसहाला त्या मला जुळे सोलापूर या नव्या वस्तीच्या रुंद रस्त्यांवर न्यायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, आधी कुठे शिकलीस का? मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, मग ही सवय कुठली? मला आधी कळेना. मग बघितलं तर मी स्टिअरिंग एकसारखं फिरवतच नव्हते. थोडं ओढायचे, सोडायचे, परत थोडं ओढायचे. बटणावर बोट मारावं तसं.

“खिळा ठोकतेस का?” अक्का म्हणाल्या. “धर आणि फिरव.”

मी हसले, पण मनातून हादरले होते. पुढे चौथ्या दिवशी त्याहून वाईट झालं. खेळात बटण सोडलं की चाकं आपोआप सरळ होतात. मला वाटलं, इथेही तसंच. एका चौकात मी पहिल्या गिअरवर हळूहळू डावीकडे वळत होते. वळण पुरं झालं तसं मी हात सैल सोडले आणि गाडी सरळ व्हायची वाट बघू लागले. गाडी वळतच राहिली. समोर केळीचा गाडा होता आणि त्यामागे एक म्हातारे गृहस्थ पिशवी उघडून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ब्रेक कुठे आहे, तेही मला आठवलं नाही. अक्कांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गाड्यापासून हातभर अंतरावर दचकून बंद पडली.

 आम्ही जाईपर्यंत केळीवाला गाड्यावर एक हात ठेवून उभा राहिला.

अक्कांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, वेग असला की स्टिअरिंग थोडं आपणहून परत येतं, हळू चालवताना येत नाही, तेव्हा ते आपणच आणायचं. मी विचारलं, गाडी जड असते का? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी परत विचारलं. त्या म्हणाल्या, उभी असली की जड, चालायला लागली की हलकी, खडीवर गेली की आणखी वेगळी. ती बुडाखाली कळते, हातात नंतर. मी घरी येऊन ते लिहून काढलं आणि बघत बसले. माझ्या एका वाक्यावरून पुण्यातला तो मुलगा दहा दिवस कॉम्प्युटरवरची गाडी जड करत होता.

खेळाची नवी आवृत्ती आली, ती मी चालवली. आता कॉम्प्युटरवरही ओलं पोतं. मीच सांगितलेलं, आणि मलाच ते नको वाटत होतं. तरी मी लिहिलं, आधीपेक्षा बरी. ते लिहून झाल्यावर मी स्कूटर काढली आणि काही काम नसताना सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी समोरच्या खोलीत टीव्हीवर कन्सोलची फेरी मारत होते. टीव्ही आमचा एकच, आईच्या मालिकांचा. दुपारी ती झोपायची तेवढा वेळ मला मिळायचा. पप्पा दिवाणावर बसले होते. त्यांना खेळात काही रस नव्हता. पण बराच वेळ ते बघत होते, आणि मला वाटलं पडद्याकडे बघतायत. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“तुजा अंगठा आदी हलतोय,” ते म्हणाले. “गाडी मागनं वळतीया.”

मी खेळ थांबवला. किती मागनं, म्हणून विचारलं. त्यांनी थोडा विचार केला.

“लांब कुणी घण मारावा आन् आवाज जरा उशिरा यावा. तेवढं. पर हाय.”

मी म्हणाले, गाडी जड आहे ना, म्हणून. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. जड असली तर सुरुवात लगेच होईल आणि वळायला वेळ लागेल. हितं सुरुवातच उशिरा होतीया. जन्मभर त्यांनी यंत्रांचे ढिले सांधे शोधले होते. कुठला भाग कुठल्या भागाच्या मागे पडतोय हे त्यांना नुसतं बघून कळायचं. मग ते म्हणाले, तुजी गाडी बरी असंल, मधलं कायतरी ढिलं हाय.

मधलं म्हणजे काय? अंगठा आणि गाडी यांच्यामध्ये कंट्रोलर होता, डबा होता, तार होती. आणि टीव्ही होता. मी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे खाली, सगळ्यात शेवटी, गेम मोड म्हणून एक पर्याय होता आणि तो बंद होता. आमचा टीव्ही मालिकेतले चेहरे गुळगुळीत दिसावेत म्हणून प्रत्येक चित्र आधी घासूनपुसून घेत होता आणि मग दाखवत होता. त्यात तो क्षणाचा एक तुकडा खात होता. मी तो पर्याय चालू केला आणि पहिल्या वळणावर अंगठा कलवला.

गाडी वळली. तेव्हाच.

सातही वळणं मी पार केली. पोतं बितं काही नव्हतं. पप्पा म्हणाले, आता बरूबर हाय, आणि चहा टाकायला आत गेले. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बसून राहिले. कन्सोलची गाडी जड आहे, असं मी महिनाभर लिहीत होते. जड गाडी नव्हतीच. आमचा टीव्ही होता. आणि त्या जडपणाला मी खरं म्हणाले होते, आणि त्यावरून दुसरी गाडी बिघडवली होती.

लिहून कळवायचं नाही असं ठरवलं, कारण लिहिताना मी काहीतरी गोलमोल लिहिलं असतं, ते मला माहीत होतं. म्हणून मी चहा व्हायच्या आत मॅडमना फोन केला. टीव्हीचं सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, कन्सोल पाठवला तेव्हा सोबत सूचना होत्या, त्यात टीव्हीचं पान होतं, ते वाचलं नव्हतंस का? मी म्हणाले, नाही वाचलं.

“आणि खऱ्या गाडीचं?” त्यांनी विचारलं.

“मी तेव्हा गाडी चालवलीच नव्हती. आता शिकतेय.”

फोनवर पंख्याचा आवाज येत होता, त्यांच्याकडचा की आमच्याकडचा कळेना.

“त्याच मीटिंगमध्ये हे सांगितलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर कुणी हसलं नसतं.”

एवढंच बोलून त्यांनी सगळ्या फेऱ्या पुन्हा मारायला सांगितल्या, सगळ्या, दोन्हीकडच्या, जुन्या आवृत्तीपासून. मी त्या मारल्या. आईने आठवडाभर मालिका शेजारी जाऊन बघितल्या.

फरक तरीही उरला होता. टीव्हीचा उशीर गेल्यावर तो उलट स्पष्ट दिसू लागला. कंट्रोलर धरला की खेळ आतून मदत करत होता. वेग वाढला की चाकं जास्त वळूच देत नव्हता, आणि मागची बाजू निसटू लागली की गुपचूप उलटं स्टिअरिंग देऊन सावरत होता. अंगठ्याची काडी इवलीशी असते, तिच्यावर एवढा वेग पेलत नाही, म्हणून केलेली ती सोय होती. कीबोर्डला तसली मदत फारच थोडी होती. त्यामुळे तिथे गाडी निसटायची, आणि सावरायची तर आपल्याच बोटांनी. या वेळी मी एवढंच लिहिलं. कुठली खरी, ते लिहिलं नाही. खाली एक ओळ जोडली की मला चारचाकी चालवण्याचा अनुभव जेमतेम महिन्याचा आहे.

चार दिवस उत्तर आलं नाही. ते चार दिवस मी घरात इतक्या वेळा उठबस केली की पप्पा म्हणाले, जा, बाहेर तरी जा. पाचव्या दिवशी कळलं की कन्सोलचं काम पुण्यातल्याच दुसऱ्या एका मुलीकडे दिलंय, आणि माझ्याकडे कॉम्प्युटरचं ठेवलंय. गाडी जड करणाऱ्या मुलाने त्याचं दहा दिवसांचं काम पुसून टाकलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने माझ्याकडे बघणं टाळलं, नंतरच्या मीटिंगमध्ये नाही टाळलं. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, त्यालाही गाडी चालवता येत नाही. त्याने हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

लायसन्सच्या चाचणीत मी पहिल्यांदा रिव्हर्सला नापास झाले, दुसऱ्यांदा पास.

खेळ बाजारात आला तेव्हा मी एका चर्चेच्या पानावर लोकांची भांडणं वाचत बसले. कीबोर्डवाले म्हणत होते, कन्सोलवर गाडी रुळावर असल्यासारखी चालते, त्यात कसलं कसब. कन्सोलवाले म्हणत होते, कॉम्प्युटरवर गाडी साबणावर घसरते, अशी गाडी असते का कुठे. शेकडो माणसं अगदी खात्रीने लिहीत होती. मी उत्तर टंकलं, पुसलं, पुन्हा टंकलं. शेवटी काहीच न पाठवता पान बंद करून खाली गेले आणि स्कूटरवर पेठेतून उगाच एक फेरी मारून आले. परत येईपर्यंत तिथे आणखी चाळीस जणांनी लिहिलं होतं.