टोपी ठेवून घेणारे मिस्त्री

आमच्या रस्त्याच्या टोकाला चाकांची कामं करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना गोल टोप्या टांगलेल्या असतात, गाडीच्या चाकाच्या मधोमध बसतात त्या. प्रत्येकीवर खडूने गाडीचा नंबर. चाक काढून बसवलं की मिस्त्री तुमची एक टोपी ठेवून घेतात. शंभर किलोमीटर चालवून या, बोल्ट पुन्हा तपासू, मग टोपी न्या. टोपी नसलेलं चाक दात पडल्यासारखं दिसतं, त्यामुळे लाजेकाजेने का होईना, माणूस परत येतोच.

"लोकांना टोपी घालणारे पुष्कळ पाहिले, काढून ठेवणारा हा एकच," असं आमचे हे हसून म्हणायचे. या आठवड्यापर्यंत.

झालं असं, की ह्यांनी शेजाऱ्यांकडून जुनी रुंद चाकं घेतली. दिसायला झकास, पण वळण घेतलं की पुढची दोन्ही आतल्या बाजूला घासायची. कुणीतरी स्पेसर घालायला सांगितलं. स्पेसर म्हणजे गाडी आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. ती जेवढी जाड, तेवढं चाक बाहेर येतं. ह्यांनी बाजारातल्या सगळ्यात स्वस्त चार चकत्या आणल्या, चांगल्या बोटभर जाड, सोबत मिळालेल्या बोल्टांसकट. वर आमच्या ह्यांना घरातली धातूची कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. फाटकाचा चंदेरी रंग उरला होता, त्याचे दोन हात चकत्यांनाही बसले, गंजू नयेत म्हणून. मग स्वतःच चाकं चढवली आणि अंगणात लांब उभं राहून बघत बसले.

रविवारी फिरून आलो, तर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायचं.

"रस्ता खराब आहे," हे म्हणाले.

"रस्ता वीस वर्षं तोच आहे," मी म्हटलं.

एरवी मी गप्प बसले असते. पण गुरुवारी सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. त्यांचा एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यावर सगळी भिस्त, आणि ही तारीख चार महिने थांबून मिळालेली. दवाखाना डोंगराच्या पलीकडे, खाली उतरणारा रस्ता सगळा वळणांचा. सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझा देवावर विश्वास आहे, तुमच्या रंगावर नाही. मिस्त्रींकडे चला."

मिस्त्री साठीचे, काटकुळे, आणि हालचाल इतकी संथ की बघणाऱ्याला जांभई यावी. त्यांची बायको दाराशी स्टुलावर बसून विणत असते, आणि आत काय चाललंय याकडे तिचा एक कान असतो. मिस्त्रींनी गाडी उचलली, पाना लावला, मग बोटांनी बोल्ट फिरवत मोठ्याने मोजू लागले. "एक, दोन, तीन, चार." चौथ्या फेऱ्याला बोल्ट हातात आला.

"चारच?" बाहेरून बायकोने विचारलं.

"चारच."

तिच्या सुया थांबल्या.

मिस्त्रींनी ह्यांच्याकडून गाडीचा मूळ बोल्ट मागून घेतला आणि चकती न घालता तो लावून दाखवला. साडेसात फेरे. "चकती घाला नाहीतर नका घालू, साहेब, बोल्ट निदान एवढा तरी आत गेलाच पाहिजे. तुमचा निम्म्यावर लटकत होता." मग चकती नुसती जागेवर ठेवून बोटाने हलवली. ती खुळखुळली. "बघा ताई. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं. मधलं भोक तंतोतंत बसायला हवं. ढिलं असलं की स्टिअरिंग थरथरणारच." शेवटी नखाने खरवडलं, तसा चंदेरी पापुद्रा निघाला.

"रंग कुणी दिला?"

हे छताकडे बघू लागले.

"हात सफाईदार आहे. फाटकाला शोभेल," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पण इथे रंग चेपतो, आणि तो चेपला की बोल्ट सैल पडतो."

"मिस्त्री, परवा नाही, तेरवा आईला न्यायचंय," ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

मिस्त्रींनी घासणाऱ्या जागी खिडकीच्या काचांना लावतात त्या मऊ लांबीचा गोळा चिकटवला, चाक लावून वळवलं, आणि दबलेला गोळा मोजला. तीन मिलिमीटर कमी पडत होते. "पाचाची चकती पुरे. फक्त पुढे दोन. मागची घासतच नाहीत, तर चार कशाला?"

"मागून जरा भरदार दिसतं..." हे पुटपुटले.

"मागून बघणाऱ्याला दिसायचंय, की आईंना घेऊन पोचायचंय?" स्टुलावरून आवाज आला.

मिस्त्रींनी कागदावर लिहून दिलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय. ओतीव नको, ठोकून घडवलेली घ्या. बनवणाऱ्याचं नाव आणि मधल्या भोकाचं माप चकतीवर कोरलेलं हवं. बोल्ट मूळच्यापेक्षा चकतीच्या जाडीइतके जास्त लांब. अशा दोन चकत्यांना त्या चार स्वस्त चकत्यांपेक्षा फार काही जास्त पडलं नाही. त्या चार मात्र दुकानदार परत घेईना. रंगवलेल्या ना!

मंगळवारी मिस्त्री तारेच्या ब्रशने गाडीकडची बाजू घासत होते, तेव्हा त्यांची बायको मला म्हणाली, "ह्यांची ही टोप्यांची खोड कशी लागली, माहितेय? लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांनी एकाचं चाक बसवलं, आणि तो परत काही आला नाही. आठ दिवसांनी गाडीच्या आधी तिचं चाक पुढे पळालं, थेट शेतात. देवाने राखलं, कुणाला खरचटलंही नाही. पण हे दोन दिवस जेवले नाहीत."

"दीड दिवस," मिस्त्री आतून म्हणाले.

"दोन. स्वयंपाक मी करत होते."

एकेक बोल्ट त्यांनी मापाच्या पान्याने आवळला, कट्ट आवाज येईपर्यंत, समोरासमोरचे आळीपाळीने. मग आमची एक टोपी काढून भिंतीवर टांगली. "शंभर किलोमीटर, ताई."

हातात एकच दिवस. बुधवारी सकाळीच आम्ही पन्नास किलोमीटरवरच्या माझ्या थोरल्या बहिणीकडे निघालो. आम्हाला दारात बघून ती घाबरलीच. "अगं, काय झालं? कोण आजारी?"

"कुणी नाही. किलोमीटर भरायला आलोय."

तिने आधी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि पाणी आणायला आत गेली.

संध्याकाळी मिस्त्रींनी पुढच्या दोन चाकांच्या दहाही बोल्टांना पुन्हा पाना लावला. नवांनी लगेच कट्ट केलं. दहावा किंचित सरकला, मग बोलला. "असं होतंच, नवी चकती जागेवर बसते," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर बोलावतो. आता निर्धास्त जा." ह्यांनी टोपी दोन्ही हातांनी घेतली.

गुरुवारी सगळी वळणं उतरलो. स्टिअरिंग असं गप्प, की माझं नामस्मरण मध्येच सुटलं आणि मी चक्क बाहेरची झाडं बघू लागले. मागे सासूबाई घोरत होत्या. वेळेच्या वीस मिनिटं आधी दवाखान्यात पोचलो. गाडी बंद करून हे स्टिअरिंगवरून हात फिरवत बसले.

"बसलास काय? उतरव मला," सासूबाई म्हणाल्या.

आज शुक्रवारी पट्टी सोडली. डॉक्टरांनी काय दिसतंय विचारलं. सासूबाई समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग कुणालाही न विचारता म्हणाल्या, "अकराला पाच कमी."

मी वळून बघितलं. बरोबर होतं.