घडीची जोडी

बसमध्ये तोफेने शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरली होती. साखर चढली, पिशवीकडे पाहून गोड हसली आणि सरळ पुढे जाऊन नुकत्याच कामाला लागलेल्या नवीच्या शेजारी बसली. वर खिडकीही नवीलाच दिली!

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तोफ आणि साखर ही लाँड्रीतली नावं. एकीचा आवाज चालू यंत्रांच्या वरून जातो, दुसरी भांडतेसुद्धा अंगाई म्हटल्यासारखी. दोघी घडीखात्यात. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळांतून बाहेर आल्या की त्यांच्या घड्या घालायच्या. मोठी चादर एकटीने आवरत नाही. समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, ताणायचे, दुमडायचे. मग एकीने चालत जाऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची दुमड उचलायची. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ‘ये’ म्हणायचं असलं की चादरीला दोन झटके. ही खूण या दोघींची, घरची. बाकीच्या जोड्या माना हलवतात.

त्यात तोफ डावखुरी. ती सगळं उलट्या बाजूने दुमडते, आणि समोरची सरळ दुमडायला गेली की चादरीचा दोरखंड होतो. कामाला लागली तेव्हा तिच्यासमोर उभं राहायला एकही बाई तयार नव्हती. साखर राहिली. उलटं शिकली. पुढे तोफेचा गुडघा धरला, तेव्हा चालणं-वाकणंही साखरेने आपल्याकडे घेतलं. तोफेची मुलं तेव्हा रांगत होती. आता लेक परगावी, मुलगाही परगावीच, आणि नवरा भिंतीवरच्या फोटोत. दिवसभरात तोफेचं हक्काचं माणूस काय ते चादरीच्या पलीकडचं. हे तिने साखरेलाही कधी सांगितलं नाही. तोफा असलं काही सांगत नाहीत.

दर उन्हाळ्यात बॉयलरच्या सफाईसाठी लाँड्री एक दिवस बंद असते आणि मालक बस देतो. यंदा तळ्याकाठची तीन गावं पाहायची होती. आदल्या दिवशी मुकादमाने सांगून ठेवलं होतं, “जोड्या बदलणार आहे. कोणाला काही बोलायचं असेल तर सहलीत बोला. परतीच्या बसमध्ये नावं सांगतो.” तोफ काही बोलली नव्हती. बोलायचं काय त्यात? तिची जोडी ठरलेली. आणि आज ही खिडकी!

पहिलं गाव चढणीवर होतं. दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरत होत्या, दोन्ही बाजूंना निळ्या-पिवळ्या दारांची घरं, प्रत्येक खिडकीत फुलांची कुंडी. सुंदर होतं, खोटं कशाला बोला. पण तोफेला दिसत होत्या फक्त दोन पाठी. साखर नवीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि नवी मान डोलावत होती. तोफ जवळ आली की दोघी गप्प.

“काय चाललंय एवढं?” तोफेने विचारलं.

“काही नाही गं, पाणी किती निळं आहे, तेच.”

“पाणी कानात सांगायला लागतं होय?”

नवी हसली. “मावशी, तुम्हाला आइस्क्रीम आणू का?”

मावशी! साखरेला ताई म्हणायचं आणि आपल्याला मावशी! दोघींच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर, आणि तेही कोणाच्या बाजूने आहे ते साखरेला चांगलं ठाऊक होतं.

“मला थंड बाधतं,” तोफ म्हणाली. तिला काही बाधत नव्हतं. त्या दोघींनी मिळून एक आइस्क्रीम खाल्लं तेवढं मात्र फार बाधलं.

दुसऱ्या गावात होड्या होत्या, दोघांनी पायाने चालवायच्या. दोघी एका होडीत जाऊन बसल्यासुद्धा. तोफेच्या वाट्याला मुकादम आला. तो पोटावर हात ठेवून देखावा बघत बसला आणि एकट्या तोफेच्या बऱ्या पायाने होडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली.

“अहो मुकादम, पाय हलवा की!”

“मी सुट्टीवर आहे, बाई.”

“बरं, ते जोड्यांचं… साखर काही बोलली का?”

“सकाळीच बोलली. नवीचं नाव सांगितलंय तिने.”

तोफेचा पाय थांबला. होडीही थांबली. पलीकडून नवीचं हसणं पाण्यावरून घरंगळत आलं. तळ्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, आणि हे सगळं तळं एकदा कडक इस्त्रीखाली घालावं, त्या होडीसकट, असं तोफेला वाटलं.

तिसऱ्या गावात काठाशी हिरवळ होती. हॉटेलातून बाद झालेली मोठी चादर अंथरून सगळ्या जेवल्या. तोफेने डबा उघडला आणि तसाच मिटला.

“जेव गं,” साखर म्हणाली.

“नव्या माणसांना भरव. जुन्यांचं पोट भरलंय.”

“तोफे, लोक बघतायत.”

“बघू देत! चादर फाटली की तिची फडकी करतात, माहीत आहे मला. पण आधी चादरीला सांगत नाहीत, एवढंच.”

साखरेने तोंड उघडलं, पण मुकादमाने शिट्टी मारली. निघायची वेळ झाली होती. चादर उचलायची होती. सवयीने तोफेने आपल्या बाजूचे कोपरे धरले आणि पलीकडे पाहिलं. साखर बसूनच राहिली, उजवा खांदा डाव्या हाताने दाबत. उठली ती नवी.

“तू नको,” तोफ म्हणाली.

नवीने कोपरे घेतलेच होते. वारा होता, चादर शिडासारखी फुगली. आता होईल दोरखंड, होऊ दे, असं म्हणत तोफेने मुद्दाम झपकन आपल्या डावखुऱ्या बाजूने दुमडली. समोर नवीनेही तीच बाजू दुमडली. उलटी. अचूक. मग ती थांबली, जागची हलली नाही, तोफेच्या हातांकडे बघत राहिली.

तोफेने चादरीला दोन झटके दिले.

नवी चालत आली, तिने कोपरे तोफेच्या हातात दिले आणि वाकून दुमड उचलली. तोफेच्या गुडघ्याला काही करावंच लागलं नाही.

“कोणी शिकवलं हे?”

“ताईंनी. महिनाभर, त्यांच्या घरी. आणि आज सकाळपासून म्हणतायत, झटके आल्याशिवाय पाय उचलू नकोस, आधी आलीस तर ती ओरडेल.”

तोफ साखरेकडे वळली. “खांद्याला काय झालंय?”

“गेला कामातून. डॉक्टर म्हणाले, हात वर करायचा नाही. सोमवारपासून मी काउंटरवर, गाठोडी मोजून घ्यायला.”

“आणि मला आत्ता सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर तू भोकाड पसरलं असतंस आणि मी राहिले असते. राहून तो खांदा पुरता घालवला असता. आणि तुझ्यासमोर दुसरी कोण उभी राहणार होती? शिकवलेली नको का?”

“मला द्यायला निघालीस होय? कामाला न येणारी कपबशी देतात तशी?”

“हो,” साखर अंगाईच्या सुरात म्हणाली. “पण चांगल्या घरी दिलीय.”

तोफेने घडी घातलेली चादर छातीशी धरली आणि तळ्याकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत वारा गेला म्हणाली.

बसमध्ये नवी तिच्या सीटपाशी येऊन उभी राहिली. तोफेने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“आणखी काय काय सांगितलंय तिने माझ्याबद्दल?”

“तुम्ही खिडकी कोणाला देत नाही, असं सांगितलंय.”

“खरं सांगितलंय,” तोफ म्हणाली आणि खिडकीपाशी सरकली. “आणि मावशी म्हणायचं नाही.”

मुकादमाने नावं वाचली, कोणी ऐकली नाहीत. तळं मागे पडत गेलं. तोफेने मान उंच करून पुढे पाहिलं. खांदा मोकळा राहावा म्हणून साखर अगदी पुढच्या एकट्या सीटवर बसली होती, आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती. ड्रायव्हर हसत होता.

“बघितलंस?” तोफ नवीला कोपर मारत म्हणाली. “आता हा कोण आणि?”