पान सत्त्याऐंशी

शेवटच्या भेटीतही ताईने तोच प्रश्न विचारला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या तिच्या घरात, मागच्या खोलीत, बाग दिसावी म्हणून तिचा पलंग खिडकीपाशी हलवला होता. डोक्याला लोकरीची टोपी, अंगावर दोन पांघरुणं, आणि आवाज इतका खोल गेलेला की मला अगदी वाकून ऐकावं लागत होतं. मला वाटलं, पाणी मागतेय. "उघडलंस का रे?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही, आणि उघडणारही नाही. आता तरी तो विषय सोड ना, ताई." तिने डोळे मिटले. म्हणाली, "बरं. चहा घेऊन जा." मी चहा घेतला आणि निघालो. चार दिवसांनी सकाळी ऑफिसला जायला आमच्या रीडिंग गावच्या स्टेशनवर उभा असताना अरुणरावांचा, म्हणजे माझ्या मेहुण्यांचा फोन आला. मोजून बोलणारा माणूस. "हेरंब, ही गेली," एवढंच म्हणाले. माझी ट्रेन आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. मी तिथेच उभा होतो. त्याला आता सात आठवडे झाले.

ताई सूचीकार होती. इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात नावं आणि पानांचे आकडे असतात ना, ते तयार करणारी. लोकांना वाटतं ते आपोआप होतं. ताईला पहिलंच काम मिळालं ते एका गोलकीपरच्या आत्मचरित्राचं. वेळेच्या आधी दिलं, एक आकडा चुकला नाही, आणि मग त्या पब्लिशरने फुटबॉलची पुस्तकं तिच्याच गळ्यात बांधली. तीस वर्षं हेच... खेळाडूंची, मॅनेजरांची, त्यांनी स्वतः लिहिलेली, दुसऱ्याने लिहून दिलेली. जेवणाच्या टेबलावर प्रूफं पसरलेली असायची आणि खुर्च्यांवर बुटांची खोकी, त्यांत अक्षरवार लावलेली कार्डं. नंतर कंप्युटर आला, पण खोकी काही हलली नाहीत. आपण जेवायला गेलो की आधी खोकी उचलायची, मग बसायचं.

या पुस्तकांबद्दल ती जे बोलायची ते कुठल्या परीक्षणात छापून यायचं नाही. "या माणसाच्या आयुष्यात गुडघा बावीस पानं आणि आई दोन," ती म्हणायची. किंवा, "याची बायको लग्नाच्या पानावर येते, ती एकदम घटस्फोटालाच परत." खेळाडूंची पुस्तकं वडिलांच्या जुन्या बुटांपासून सुरू होतात आणि मॅनेजरांची नोकरी गेली त्या सकाळपासून, असा तिचा सिद्धांत होता. कोणतंही पुस्तक हातात घेतलं की ती मागूनच उघडायची. "पुढे तो स्वतःबद्दल काय वाटेल ते सांगेल, खरा हिशेब मागे असतो." घरातसुद्धा सूचीचीच भाषा चालायची. अरुणरावांनी दूध का नाही म्हणून विचारलं तर उत्तर यायचं, "दूध, पहा: तुम्हाला काल काय सांगितलं होतं." राग कायम नाकावर. पण शिस्त अशी की, पानावर जे नाही ते सूचीत नाही. लेखकाने खोटं लिहिलं असलं तरी सूचीकाराने तोंड उघडायचं नाही. हे तिने मला शंभरदा ऐकवलं असेल.

आम्ही पुण्याहून इथे इंग्लंडला आलो तेव्हा ती बारा वर्षांची आणि मी सहा. माझं मराठी टिकलं ते तिच्यामुळे. दर रविवारी हॅरोच्या भाड्याच्या घरात ती मला दहा ओळी शुद्धलेखन घालायची आणि चुका झाल्या की डोक्यात टपली. या लेखात चुका सापडल्या तर तिच्याकडे तक्रार करायची सोय आता राहिली नाही.

मी सोळा वर्षांचा असताना एका क्लबच्या युवा संघात खेळायला जात होतो. क्लब लहानच होता, नाव सांगत नाही. शाळेच्या सरांनी माझं नाव सुचवलं होतं. बाबांचा सक्त विरोध, पण ताई मध्ये पडली. दर शनिवारी ती बरोबर जाईल या अटीवर बाबांनी होकार दिला. दोन बस बदलून आम्ही जायचो. मी डाव्या बाजूला पळायचो आणि ताई मैदानाकडेला कॉलेजची पुस्तकं आणि थर्मास घेऊन बसायची. मी चांगला होतो... हे मी आज साठीला आल्यावर म्हणतोय, फुशारकी नव्हे. वेग होता माझ्या पायात. पण मला बॉल मिळायचाच नाही. मी मोकळा उभा असायचो, हात वर करून ओरडायचो, आणि पोरं बॉल दुसरीकडे द्यायची. माझं नाव कुणी घ्यायचं नाही. एका खाण्याच्या पदार्थाचं नाव ठेवलं होतं मला, त्याच नावाने हाक मारायचे आणि हसायचे.

एका शनिवारी सरावानंतर मॅनेजरने मला त्याच्या खोलीत बोलावलं. सगळे त्याला गॅफर, म्हणजे साहेब, म्हणायचे, तसं मीही. बाहेर गारा पडत होत्या म्हणून ताई आत पॅसेजमध्ये बाकावर बसली होती. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. गॅफर माझ्याशी वाईट बोलला नाही, हेच जास्त लागलं. म्हणाला, "पोरा, पाय आहेत तुझ्याकडे. पण ही मुलं तुला पास देत नाहीत आणि मी त्यांना भाग पाडू शकत नाही. पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस. अभ्यास कर. तुमची माणसं त्यात हुशार असतात." मी बाहेर आलो. ताईने सगळं ऐकलं होतं, तिचा चेहराच सांगत होता. बस स्टॉपसमोर तिने चिप्स घेतले, भरपूर व्हिनेगर घालून, आणि आम्ही दोघांनी एकाच कागदातून खाल्ले. बसमध्ये मी तिला म्हटलं, "कुणालाही सांगायचं नाही. कधीच नाही. माझी शपथ आहे." ती म्हणाली, "बरं." घरी बाबांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, त्याला कंटाळा आला. बाबांना आनंदच झाला.

पुढे तो गॅफर मोठमोठ्या क्लबांत गेला, टीव्हीवर दिसू लागला. आणि अकरा वर्षांपूर्वी त्याचं आत्मचरित्र ताईच्या टेबलावर सूचीसाठी आलं. तिने फोन केला, "हेरंब, ये. दाखवायचंय काहीतरी." मी गेलो. तिने पान सत्त्याऐंशी पुढे सरकवलं. चारच ओळी होत्या. एका हिवाळ्यात आमच्याकडे एक इंडियन पोरगा होता, विजेसारखा पळायचा, त्याचं नाव कुणालाच धड घेता येत नसे आणि मलाही आता आठवत नाही. एक दिवस यायचा बंद झाला. अभ्यासाला लागला असणार, त्यांच्यात तसंच असतं. बस, एवढंच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाव नाही ते नाही, वर मीच सोडून गेलो म्हणे. मी म्हटलं, "पब्लिशरला सांग. हे खोटं आहे. माझं नाव घालायला सांग." ताई म्हणाली, "मजकूर माझ्या हातात नसतो रे. मी फक्त सूची करते." मग मी बोलू नये ते बोललो. मी म्हटलं, "तेव्हाही बाकावर बसून ऐकलंस आणि मूग गिळून राहिलीस. आजही तेच. तुला जमतं ते तेवढंच." शपथ मीच घातली होती हे ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. प्रूफं गोळा केली आणि चहा टाकायला उठली.

पाच-सहा महिन्यांनी पोस्टाने एक पाकीट आलं. ब्राउन पेपर, वर माझं नाव देवनागरीत, तिच्या ठसठशीत अक्षरात. आत कोणतं पुस्तक असणार ते कळायला अक्कल लागत नव्हती. मला वाटलं, गॅफरला माफ कर म्हणून शिकवायला पाठवलंय. मी ते तसंच, न फोडता, लॉफ्टमध्ये टाकून दिलं. त्यानंतर दिवाळीला, वाढदिवसाला, बाबांच्या श्राद्धाला, जेव्हा भेटू तेव्हा ती एकदा तरी विचारणार, "उघडलंस का रे?" आणि मी नाही म्हणणार. आमच्यात अबोला नव्हता, पण पूर्वीचं हसणं नव्हतं. त्याच सुमाराला तिचं कामही आटलं. टेबल रिकामं दिसायला लागलं. विचारलं तर म्हणाली, "आता कंप्युटरच करतो सगळं." मी शहाण्यासारखा म्हणालो, "बरं झालं, डोळ्यांना आराम."

गेल्या रविवारी अरुणरावांकडे गेलो होतो. त्यांनी एक पत्र पुढे केलं. ताई ज्यांच्यासाठी काम करायची त्या पब्लिशरकडच्या संपादिका, आता निवृत्त, त्यांचं सांत्वनाचं पत्र. दोन पानं कौतुकाची होती. तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, तीस वर्षांत आमचा एकदाच वाद झाला, सत्त्याऐंशी पानाच्या एका नोंदीवरून. मी तिला कळवलं, हे नाव त्या पानावर नाही, आणि नोंदीची शेवटची ओळ तर मजकुराच्या उलट आहे, काढून टाक. तिने एकाच वाक्यात उत्तर दिलं, 'मी तिथे होते.' छपाईची तारीख तोंडावर होती, नोंद तशीच गेली. नंतरच्या पेपरबॅक आवृत्तीत मी ती काढली. त्यानंतर आमच्याकडून तिला काम गेलं नाही. मी देऊ शकले असते. दिलं नाही. याचं मला वाईट वाटतं.

अरुणरावांनी चष्मा काढून पुसला. "कुठली नोंद, तुला काही माहीत आहे का? मला ही कधीच काही बोलली नाही." चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांनाही सांगितलं नव्हतं. शपथ होती ना... मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग जा घरी. बघ."

मोटरवेने रीडिंगला कसा पोचलो आठवत नाही. अंगावरचा कोट न काढता लॉफ्टवर चढलो. सेलोटेप पिवळा पडून सुटलाच होता. मी पुस्तक मागून उघडलं, तिच्यासारखं. इंग्रजी पी अक्षर काढलं. पेनल्टी आणि फिजिओ यांच्या मध्ये, त्या बारीक टाइपात, स्पेलिंगची एकही चूक नसलेलं माझं नाव होतं. पेठकर, हेरंब, ८७. त्याखाली तीन ओळी. डाव्या बाजूने पळण्याचा वेग, ८७. सहकाऱ्यांनी पास न देणं, ८७. मॅनेजरने घरी पाठवणं, ८७. एकाच पानावर येणाऱ्या माणसाला पोटनोंदी करायच्या नसतात, हे मला तिनेच सांगितलं होतं. जन्मभर पाळलेले सगळे नियम तिने त्या चार ओळींत मोडले होते, आणि मी ते अकरा वर्षं कार्डबोर्डच्या खोक्यांखाली ठेवून दिले होते. मला माझी लाज वाटली. लॉफ्टच्या फळीवर बसून मी खूप रडलो. तिने नुसतं सांगितलं असतं तर... पण ती सांगणाऱ्यांतली नव्हती. मी उघडायला हवं होतं.

ते पुस्तक आता माझ्या टेबलावर असतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी दोनदा पाहिलं. गॅफरने बायकोचे, वकिलांचे, फिजिओचे, कुत्र्याचेसुद्धा आभार मानलेत. मुखपृष्ठाचा फोटो कुणी काढला ते छापलंय. सूची कुणी केली ते कुठेही नाही, तशी पद्धत नसते म्हणे. म्हणून हे लिहायला घेतलं. तिचं नाव वसुधा अरुण दामले.