सव्वीस एप्रिल कोणाची

सव्वीस एप्रिल जवळ आली की त्रिनिंगचं डोकं फिरायचं. आठवडाभर आधीपासून ती भांडी आपटायची, कोंबड्यांना शिव्या घालायची, शेजारणींशी धड बोलायची नाही. ओलोंगापो बंदराच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळायचं, की म्हातारीच्या नवऱ्याची, डेल्फिनची, पुण्यतिथी आली.

पुण्यतिथीला बायका रडतात. त्रिनिंग पान्सितच्या शेवया परतायची. ज्याचा दिवस त्याने लोकांना जेवू घालायचं, असा तिथला रिवाज, मग तो दिवस जन्माचा असो की मरणाचा. मेलेला माणूस काही उठून चुलीवर कढई चढवत नाही, तेव्हा ते काम त्याच्या बायकोच्या गळ्यात. सकाळपासून काळे टी-शर्ट घातलेले, पोटं सुटलेले, उरल्यासुरल्या केसांची शेपटी बांधलेले बाप्ये दारात हजर. डेल्फिनच्या फोटोपुढे जिनचा ग्लास ठेवायचा, गिटारवर त्याचं एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि मधूनमधून स्वयंपाकघरात डोकं घालून, आलिंग म्हणजे मावशी अशी हाक मारून विचारायचं, "आलिंग त्रिनिंग, पान्सित संपलं का हो?"

"संपलं. तुमच्या देवाला सांगा, वरून पाठव म्हणावं!"

ते खो खो हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारी मोठी गमतीची आहे. गंमत कसली? तिला खरोखरच एकेकाच्या टाळक्यात झारा घालावासा वाटायचा.

त्रिनिंग सामार बेटावरून इथे आली ती पोरसवदा होती. बंदरात अमेरिकन आरमाराचा तळ होता, मोठ्या रस्त्याला दुतर्फा बार होते आणि प्रत्येक बारमध्ये एक बँड. ती खलाशांचे पांढरे कपडे धुवायची. साबणाने हात सोलून निघत. डेल्फिन एका बारमध्ये गिटार वाजवायचा आणि परदेशी गाणी अशी हुबेहूब गायचा, की दारू प्यालेले खलाशी घरच्या आठवणीने रडायचे. तो तिच्या सोललेल्या हातांवर भाळला. लग्न झालं आणि त्या हातांवर त्याने एक गाणंही केलं, 'धोबिणीचे हात'. त्याच्या बँडचं नाव 'मोडका पंखा'. गाणं रेडिओवर लागलं आणि चिकार गाजलं. ते वाजत असायचं तेव्हा धोबीण परसात बादलीपुढे बसलेली असायची. गाणाऱ्याने कधी एक बादली उचलून दिली असेल तर शपथ.

पुढे तळ बंद झाला, खलाशी गेले, बार ओस पडले आणि एक दिवस डेल्फिनही गेला. म्हणजे मेला नाही, नुसता गेला. बायको आणि पोरगी टाकून सान नार्सिसोच्या किनाऱ्यावर सालुद नावाच्या सुकी मासळी विकणाऱ्या बाईकडे राहायला लागला. त्या वर्षांत एकही काळा टी-शर्ट त्रिनिंगच्या दारी फिरकला नाही. मेला तेव्हाही शवपेटीमागे चालायला धड गल्लीसुद्धा जमली नव्हती. नंतर मनिलाच्या कोण्या पोरांनी ते गाणं नव्याने गायलं, ते जिकडेतिकडे वाजू लागलं आणि मेलेल्या डेल्फिनला एकाएकी भक्त फुटले.

भक्तांचा म्होरक्या डॉक्टर एड्सेल. दातांचा डॉक्टर. त्याने डेल्फिनला जिवंत कधी पाहिलंच नव्हतं, पण त्याचा जन्म, लग्न, पहिली तबकडी, पहिली तुटलेली तार, सगळ्याच्या तारखा त्याला तोंडपाठ. वर्षातला जवळजवळ प्रत्येक महिना त्याने कुठल्या ना कुठल्या वर्धापनदिनाला वाटून टाकला होता. त्यातला सगळ्यात पवित्र दिवस सव्वीस एप्रिल. त्या दिवशी डेल्फिनने स्वतःच्या घरी, धोबिणीच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला, असं एड्सेल दरवर्षी माईकवरून सांगायचा आणि दरवर्षी रुमाल काढायचा.

त्याच तारखेला, डेल्फिन मेल्यावर सात वर्षांनी, त्रिनिंगची नात जन्मली. क्रिझेल. आई तैवानच्या कारखान्यात, बाप कुठे त्याचा पत्ता नाही, त्यामुळे पोरगी आजीपाशीच वाढली. आणि तिचा वाढदिवस पहिल्या वर्षापासून पुण्यतिथीने गिळला. सातव्या वर्षी त्रिनिंगने तिच्यासाठी कोनफळाचा जांभळा केक आणला होता. पोरगी मैत्रिणींना बोलावून येईपर्यंत भक्तांनी तो जिनबरोबर चखण्यासारखा फस्त केला. एकजण बोटं चाटत तिला म्हणाला, "नशीबवान आहेस बाळ! आजोबांच्या दिवशी जन्मलीस!"

क्रिझेल रिकाम्या खोक्याकडे बघून आजीला म्हणाली, "असू दे लोला, मला भूक नाहीये."

त्रिनिंगने उभ्या आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. पण नातीचं हे 'असू दे लोला' तिला जेवढं झोंबायचं, तेवढी कुठलीच शिवी झोंबली नव्हती.

अठरावा वाढदिवस मात्र 'असू दे' म्हणून सोडायचा नसतो. त्या दिवशी मुलगी गाऊन घालते. अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन तिच्याबरोबर नाचतात, अठरा बायका एकेक मेणबत्ती लावून तिच्याविषयी चार शब्द बोलतात. हातावर पोट असलेली माणसंसुद्धा पोटाला चिमटा काढून हा दिवस करतात. त्रिनिंगने वर्षभर आधीच वस्तीचं छपराचं बास्केटबॉल मैदान मागून ठेवलं होतं. वस्तीचा कप्तान, म्हणजे निवडून आलेला पुढारी, डादो हा एकेकाळचा डेल्फिनचा ड्रमवाला. "तुझ्या नातीला नाही म्हणेन होय?" असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

मार्चमध्ये तोच डादो एड्सेलला घेऊन दारात उभा राहिला.

"आलिंग, यंदा पंचविसावी," एड्सेल म्हणाला. "महापौर येणार, टीव्हीवाले येणार. मैदान लागेल."

"मैदान माझ्या नातीचं आहे."

"तेच तर सांगतोय! दोन्ही एकत्र करू. मध्यंतरात क्रिझेलला स्टेजवर आणू. अठरा गुलाब आमचे अठरा जुने सभासद देतील. आणि ती नाचणार कुठल्या गाण्यावर? 'धोबिणीचे हात'!" हे सांगतानाच त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझ्या पोरीने तुझ्यासारख्या अठरा ढेरपोट्यांच्या गळ्यात हात टाकून नाचायचं? तेही मेलेल्याच्या फोटोपुढे?"

डादो टोपी हातात फिरवत म्हणाला, "त्रिनिंग, समजून घे ना. महापौरांना नाही कसं म्हणायचं? पोरीचं काय, सत्तावीसला करू."

आतून क्रिझेलचा आवाज आला, "असू दे लोला. सत्तावीस चालेल मला."

त्रिनिंगने हातातली कढई अशी आदळली, की कोंबड्या उडाल्या.

"असू दे नाही! अठरा वर्षं झाली, असू दे, असू दे! जन्मली ती सव्वीसला, मग तिने का सरकायचं? सरकवायचं तर त्या मुडद्याला सरकवा! तो बावीसला मेलाय!"

"कोण?" एड्सेलने विचारलं.

"तुझा देव!"

एड्सेल कसनुसा हसला. "आलिंग, थडग्यावर सव्वीस आहे. आमच्या पुस्तिकेत सव्वीस आहे. तुमच्या मांडीवर गेला, हे तुम्हीच सांगितलंत."

"खोटं सांगितलं. मांडी माझी नव्हती."

मग ती थांबलीच नाही. बावीसला तो सालुदच्या घरी मेला. चार रात्री त्याची पेटी सालुदच्या अंगणात होती, सगळं गाव सालुदला विधवा म्हणून भेटून गेलं, आणि लग्नाच्या बायकोला साधा निरोप नाही. सव्वीसला पहाटे, गल्ली झोपेत असताना, याच डादोने पेटी जीपनी गाडीच्या टपावर बांधून आणली आणि तिच्या दारात उतरवली. लोक काय म्हणतील या लाजेपोटी तिने गल्लीला सांगितलं, आजच गेला, इथेच गेला. थडग्यावरही तेच कोरून घेतलं.

"विचार याला! बोल ना रे डादो! तोंडात काय मासा अडकला?"

डादोने बुटांकडे पाहिलं. "फार जुनी गोष्ट आहे. नीट आठवत नाही." पुढच्या निवडणुकीत त्याला महापौरांचा हात डोक्यावर हवा होता, म्हणून नेमकी त्या दिवशी त्याची आठवण लंगडी पडली.

एड्सेलने आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हटलं, "तुमचा राग समजतो, आलिंग. पण रागाने इतिहास बदलत नाही. शनिवारी वस्तीच्या कचेरीत बैठक आहे. पुरावा असेल तर आणा."

त्रिनिंग सान नार्सिसोच्या बसमध्ये बसली ती दात-ओठ खात. आपली अब्रू स्वतःच्या तोंडाने उघड्यावर टाकली आणि वर हा दातपाड्या पुरावा मागतो!

सालुद किनाऱ्यावर बांबूच्या ताटीवर मासळी उलटत होती. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. तिने त्रिनिंगला ओळखलं आणि हात थांबवला नाही.

"माझी सावली तुझ्या दारात पडली तर डोळे काढीन म्हणाली होतीस."

"अजूनही काढीन. आधी चल."

"कुठं?"

"तो कधी मेला, ते चार लोकांत सांगायला."

सालुदने आणखी एक रांग उलटली. "मी बावीसला मेणबत्ती लावते. एकटीच. सव्वीसला रेडिओवर त्याचं गाणं लागलं की रेडिओ बंद करते. तू माझ्याकडून तो दिवसही घेऊन गेलीस, त्रिनिंग."

"आणि तू नवरा घेऊन गेलीस!"

"तो आपल्या पायांनी आला. दिवस तू चोरलास."

त्रिनिंगच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिने गिळली, कारण पोरीचा गाऊन शिंप्याकडे पडून होता.

"मग ये आणि ने तुझा दिवस," ती म्हणाली. "मला नकोय तो."

"तुझ्या मांडीवर मेला नाही, हे सगळ्या गावाला कळेल. चालेल?"

"नाही चालणार. तरी ये."

शनिवारी कचेरीत खुर्च्या कमी पडल्या. बातमी फुटली होती, आणि फुकटचा तमाशा कोण सोडतो? सालुद उभी राहिली आणि हात पदरात असल्यासारखे झग्यात गुंडाळून म्हणाली, "बावीस एप्रिलला, दुपारी. पेज मागितली. मी घेऊन येईपर्यंत संपला होता. शेवटचं गाणंबिणं काही म्हटलं नाही. डोकं माझ्या मांडीवर नव्हतं, उशीवर होतं. पेटी डादोने नेली. तो बसलाय समोर."

आता डादोलाही आठवलं. सगळ्यांच्या नजरा लागल्यावर आठवतंच.

एड्सेलचा चेहरा आधी पडला. मग त्रिनिंगच्या देखत तो हळूहळू उजळत गेला. "समुद्रकिनारा!" तो म्हणाला. "शेवटची प्रेयसी! हे तर कोणालाच ठाऊक नव्हतं!" तो धावत जाऊन सालुदच्या पाया पडायच्या बेतात वाकला आणि तिचा मासळीचा वास येणारा हात त्याने कपाळाला लावला.

महापौरांना काय, कुठलीही तारीख चालत होती. कार्यक्रम बावीसला ठरला. नवे फ्लेक्स गल्लीभर लागले: मध्ये डेल्फिन आणि शेजारी सालुद. त्रिनिंगचं नाव कुठेच नव्हतं. दोन दिवसांनी एड्सेल मागच्या दाराने आला. "आलिंग, झालं गेलं विसरा. पान्सित मात्र तुमच्याच हातचं हवं लोकांना."

त्रिनिंगने त्याला झारा घेऊन कोपऱ्यापर्यंत पळवला. इतक्या वर्षांची हौस तेवढी फिटली.

बावीसच्या संध्याकाळी कर्ण्यांतून सगळं घरात ऐकू येत होतं. एड्सेलने सांगितलं, डेल्फिनला खरं सुख कुठे मिळालं ते आज कळलं. टाळ्या पडल्या. टीव्हीवाल्या बाईने 'टाकलेली बायको' असा शब्द वापरला. शेजारणी कुंपणापाशी हळू आवाजात बोलत होत्या, तोही ऐकू येईल असाच हळू. एवढी वर्षं खोटं बोलली म्हणे. वरून भक्तांना पान्सित वाढायची म्हणे. त्रिनिंग संतापाने ताटं घासत होती. सालुदचा राग, डादोचा राग, आणि सगळ्यात जास्त त्या मेलेल्याचा, जो जिवंतपणीही असाच टाळ्या घेऊन बाजूला व्हायचा.

क्रिझेल शेजारी येऊन बसली. "लोला, हे सगळं माझ्यासाठी केलंस?"

"ताटं पूस."

सव्वीसला मैदानावर फुगे लागले. नाक मुरडणाऱ्या काही शेजारणी आल्या नाहीत, पण क्रिझेलच्या वर्गातल्या पोरी आल्या. शाळेतल्या पोरांनी गुलाब दिले. त्यांच्यातल्या एकाचा पाय दोनदा गाऊनवर पडला आणि पोरगी मोठ्याने हसली. तिला एवढ्या मोठ्याने हसताना त्रिनिंगने पाहिलं नव्हतं. मग मेणबत्त्या सुरू झाल्या. मैत्रिणी गोड गोड बोलल्या, शिक्षिका बोलल्या, शेवटची मेणबत्ती आजीची.

त्रिनिंगने माईक हातात घेतला. बेत केला होता चार प्रेमाचे शब्द बोलायचा. पण मैदानाच्या दाराशी तिला दोन-तीन काळे टी-शर्ट दिसले. सवयीने आले असतील, जेवायला. बस्स, तिचं डोकं पुन्हा फिरलं.

"मला गोड बोलता येत नाही," ती म्हणाली. "मला राग आलाय, आणि तो मरेपर्यंत जाणार नाही. पण दारात उभे आहेत त्यांनी कान उघडे ठेवून ऐका, आणि पोरी, तूही ऐक." माईक कुंईकुंई वाजला, तसा तिने आवाज आणखी चढवला. "आज कोणीही मेलेलं नाही! सव्वीस एप्रिलला या गल्लीत कोणीही मेलेलं नाही. आज ही जन्मली."