जजसाहेबांचा शेवटचा खटला

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. एका माणसाबरोबर बरीच वर्षं जेवलं की ते आपोआप साठतात. माझ्याकडे आमच्या जजसाहेबांचे साठलेत. हे फ्रेंच गृहस्थ आंतरराष्ट्रीय कोर्टात न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर न्यू जर्सीत, माझ्याच लॉ स्कूलमध्ये शिकवायला आले. या हिवाळ्यात, ऐंशी उलटल्यावर, एका देशानं त्यांना विचारलं, त्या कोर्टात आमचा खटला आहे, आम्ही नेमलेले न्यायाधीश म्हणून आणखी एकदा बसाल का? “प्रोफेसर, जाऊ का?” त्यांनी मला विचारलं. मला हॉटेलात काय मागवावं हेही ठरवता येत नाही. मी वेळ मागून घेतला आणि आठवत बसलो.

*

पहिली भेट माझ्याच व्याख्यानाला. विषय मोठा म्हणून मी सुरुवातीला माफी मागितली, वेळ कमी म्हणून मध्ये, काही राहिलं असेल म्हणून शेवटी. नंतर कॉफी घेताना ते म्हणाले, “छान बोललात. पण माझ्यासमोर हरलेल्या देशांनीसुद्धा इतकी माफी मागितली नव्हती.”

*

माझी बायको नलिनी त्यांना रविवारी जेवायला बोलावते. एकदा तिनं विचारलं, आमटी माझी चांगली की जवळच्या आयसेलिन गावातल्या देशी हॉटेलातली? ते गंभीर झाले. हा प्रश्न माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही, म्हणाले; दुसऱ्या पक्षाची संमती नाही.

“मग तिसरी वाटी कुठल्या अधिकारात घेताय?”

“तातडीचा अंतरिम आदेश, मादाम.”

*

शेजारणीशी आमचा कुंपणावरून वाद झाला. दोन देशांमधला समुद्र वाटून दिलेला माणूस घरात बसलाय म्हटल्यावर मी त्यांना अंगणात नेलं. त्यांनी बाईंचे गुलाब पाहिले, बाईंचा चेहरा पाहिला आणि मला आत घेऊन आले. “फूटभर जागा देऊन टाका. समुद्रात कुणी गुलाब लावलेले नव्हते.”

*

त्या समुद्राच्या खटल्याची गोष्ट ते दरवर्षी वर्गात रंगवून सांगतात. यंदा मीही मागे बसलो होतो. शेवटी त्यांनी निकाल सांगितला तो उलटा. हरलेल्या देशाला जिंकवून टाकलं. मुलं टाइप करत होती. मी हात वर करायला गेलो आणि थांबलो. म्हटलं, माझंच चुकत असेल. घरी येऊन निकाल वाचला. माझं चुकत नव्हतं.

*

गेल्या रविवारी उत्तर द्यायचं होतं. जेवताना ते म्हणाले, कोर्टासारखं करू. तिथे बंद दाराआड सगळ्यांत कनिष्ठ न्यायाधीश आधी बोलतो, म्हणजे ज्येष्ठांचं ऐकून कुणी नुसती मान डोलावत नाही. इथे नलिनी धाकटी, मग मी. मला हायसं वाटलं.

नलिनी म्हणाली, “जाऊ नका. या वयात एवढी दगदग नको.”

“सहमत,” मी म्हणालो.

“कारणं स्वतःची द्यावी लागतात, प्रोफेसर.”

मी नलिनीकडे पाहिलं. ती खाली बघून भात कालवत होती. मग मी त्यांना वर्गातलं सांगितलं. कुठला देश, कुठला निकाल, सगळं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग फोन काढला, फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोलले आणि ठेवून दिला.

“मादाम, इतक्या वर्षांत माझ्या एकाही खटल्याचा निकाल एकमतानं लागला नव्हता,” ते म्हणाले. “थोडं तूप वाढा.”