एक लिटरला एक पाव

साबणाच्या वडीचा कोपरा नखाने खरवडून काकू तो जिभेच्या टोकाला लावत. डोळे मिटून क्षणभर थांबत आणि म्हणत, "चावत नाही. घ्या." चावला, तर ती वडी आणखी आठवडाभर फळीवर. मैसूरमधल्या आमच्या गल्लीत कित्येक वर्षं सगळ्यांच्या अंगाला हाच साबण होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या हाताला सगळं ठाऊक असतं, तोंडाला सांगता येत नाही. कृती विचारली की काकू म्हणत, "एक लिटर खोबरेल, एक पाव सोडा, पाणी अंदाजानं." पाण्यात कॉस्टिक सोडा सोडताना नाकाला पदर लावून ओरडत, "दूर सरा री, ही काय चुरमुरी नव्हे!"

मला त्या 'रायरे' म्हणत, म्हणजे कन्नडमधले रावसाहेब. मी पाटबंधारे खात्यात मोजमापं घेणारा माणूस. 'अंदाजानं' हा शब्द मला सोसत नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुण्यांना निरोप देताना द्यायच्या तांबुलाच्या पिशवीत नारळाबरोबर काकूंची एकेक वडी घालायची असं मीच ठरवलं. एकशे वीस वड्या. काकू हरखल्या. त्यांचा साबण पहिल्यांदाच गल्लीबाहेर जाणार होता. मी वजनकाटा घेऊन गेलो आणि तक्ता लिहिला: तेल दहा लिटर, सोडा अडीच किलो. एक पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम, दुसरं काय असणार?

काट्यावरचा ढीग पाहून काकू घुटमळल्या. "जास्त वाटतोय की, रायरे."

"काकू, तोललेला आहे."

"नोडी, बघा हं, माझा हात वेगळं म्हणतो."

"हात म्हणतो, काटा दाखवतो," मी म्हणालो आणि हसलो.

महिन्याने वड्या तयार झाल्या. नेहमीपेक्षा टणक, कडांना भुगा होणाऱ्या. काकूंनी सवयीने कोपरा खरवडला, तेव्हा मीच त्यांना थांबवलं. "पाहुण्यांना द्यायच्यात, काकू. उष्टं नको." उष्ट्याचं नाव काढल्यावर त्यांनी मुकाट्याने हात खाली घेतला.

लग्नानंतर चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. कुणाच्या मानेवर चट्टे, कुणाच्या डोळ्यांखाली आग. विहीणबाई घरी आल्या तेव्हा काकू तिथेच बसल्या होत्या. "साबण होता की चुना?" विहीणबाईंनी विचारलं. मी काकूंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"माझाच हात चुकला," काकू म्हणाल्या.

तेव्हा मला खरंच काही कळलेलं नव्हतं. माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल.

कळलं ते दुसऱ्या दिवशी. काकू देवळात गेल्या होत्या आणि मी माझा काटा परत आणायला त्यांच्या मागच्या पडवीत शिरलो. सोड्याच्या डब्यात एक जुनं लोखंडी माप होतं. तांदूळ मापायच्या असल्या मापाला कन्नडमध्ये 'पावु' म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मापात काठाच्या दोन बोटं खाली सोड्याची पांढरी रेघ होती. रेघेपर्यंत भरून तोललं. एकशे पंचावन्न ग्रॅम. म्हणजे दर लिटरला पंच्याण्णव ग्रॅम जास्त मी घालायला लावला होता. माप होतं तसं ठेवलं आणि घरी आलो. बायकोलाही बोललो नाही.

काकूंनी पुन्हा साबण केला नाही. कुणी मागितला तर म्हणत, "अय्यो, बिडी. जाऊ दे. हात गेला आता." खरं सांगावं म्हणून मी सहा वेळा त्यांच्याकडे निघालो. पाच वेळा फाटकावरूनच परतलो. एकदा कॉफी पिऊन आलो.

काकू यंदा गेल्या. तेराव्याच्या जेवणानंतर त्यांच्या मुलाने मला बाजूला घेतलं.

"आता सांगायला हरकत नाही, रायरे. त्या लग्नाच्या साबणात पावाचा घोटाळा झाला होता. तुमचं पाव वजनाचं, आईचं मापाचं. आईला लगेच कळलं होतं. पण मला बजावलं, रायरेंना कळू द्यायचं नाही. मोजमापाचा माणूस, जिवाला लावून घेईल."

मी खाली मान घालून ऐकत होतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या ध्यानात आलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो.